ढोलाचा फोटो

वाद्याचा फोटो काढता येतो, वाजण्याचा काढता येत नाही, असे आमच्या दिग्रसमधले एक जुने स्टुडिओवाले म्हणत असत. वरातीत बँडवाल्यांसमोर कॅमेरा धरून त्यांनी निम्मे आयुष्य घालवले होते, तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे अनुभव होता हे नाकारता येणार नाही. पण हे मत मला कधीच पटले नाही. ते का पटत नाही हे सांगायचे म्हणजे मला दिग्रसहून निघून थेट माली देशातल्या बामाको शहरापर्यंत जावे लागेल. वाट लांबची आहे. वाचकांनी फराळाचे ताट जवळच असू द्यावे. मधे एकदा त्या ताटाचा उपयोगही करायचा आहे.

निमित्त असे झाले, की गावातल्या काही हौशी तरुणांनी होळीच्या दिवसांत आसपासच्या तांड्यांवर जाऊन लेंगीची छायाचित्रे काढली आणि निवड करण्यासाठी ती माझ्यापुढे आणून ठेवली. सगळी मिळून चाळीस होती. लेंगीची बहुतेक, आणि चार-पाच एका सांस्कृतिक कार्यक्रमात पाहिलेल्या सिद्दी धमालची. मी ती टेबलावर मांडली आणि पहिल्यांदा काय केले असेल, तर हवेतली माणसे मोजली. चाळीसांपैकी सव्वीस चित्रांत कोणी ना कोणी जमिनीपासून दोन हात वर होते. हातातल्या टिपऱ्या उंचावलेल्या, तोंड उघडे, दात चमकणारे, मागे निळे आकाश. एक चित्र पाहिले की सव्वीस पाहिल्यासारखे होते.

आता ज्याने लेंगी पाहिली आहे त्याला ठाऊक आहे, की तीत उडी हा काही मुख्य व्यवहार नाही. गेरियांचे रिंगण धरले जाते, एक जण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, नंगाऱ्यावर आणि थाळीवर ठेका चालू असतो, आणि पावले जमिनीला चिकटूनच सरकत राहतात. कमरेत वाकलेला देह, खाली गेलेली मान, पुन्हा उठलेला खांदा, एवढीच त्याची हालचाल. पण ती पन्नास माणसांची एकदम होते, आणि रात्र चढत जाते तशी ती अंगात भिनते. मग एवढ्या उड्या आल्या कोठून? मी विचारले. मुले प्रामाणिक होती. म्हणाली, "काकाजी, आमीच सांगतलं त्यायले, एकदा उडी मारून दाखवा मनून."

येथेच खरा प्रश्न आहे. उडी हा डोळ्याला सोपा असलेला क्षण आहे. कानाशी त्याचा संबंध असेलच असे नाही. छायाचित्रकाराने गाणे थांबवून उडी मागितली, म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला त्या क्षणी संगीत बंद होते! नंगारा दिसतो आहे, टिपरी दिसते आहे, माणूस आनंदी दिसतो आहे, आणि वाजत मात्र काहीच नाही. आमचे स्टुडिओवाले म्हणत ते या सव्वीस चित्रांपुरते खरे होते.

सिद्दी धमालच्या चित्रांचे दुखणे याहून जुने आहे. गुजरातेतल्या पर्यटनाच्या जाहिरातीत, महोत्सवांच्या पत्रकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत हे लोक एकाच अवस्थेत भेटतात. तोंडावर रंग, कमरेला मोरपिसे, आणि वर फेकलेला नारळ डोक्यावर फुटण्याच्या बेतात. नारळ ते फोडतात, हे खोटे नाही. पण रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याशी ज्यांचे गाणे बांधलेले आहे, ज्यांच्या धमालमध्ये भक्ती आणि मौज यांची सरमिसळ आहे, त्यांच्यापाशी दुसरे काहीच नसावे असा समज त्या एका नारळाने करून दिला आहे. आपल्या वारीचा फोटो म्हणून कोणी दरवर्षी फक्त फुगडीच छापली, तर आपल्याला काय वाटेल?

सिद्दी आपल्याला परके नाहीत. जंजिऱ्याचे राज्य १९४८ साली विलीन होईपर्यंत सिद्द्यांचेच होते, आणि मुरूडला सहलीला जाऊन आलेल्या प्रत्येक मुलाला तो किल्ला माहीत असतो. निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर हबशी होता. सोळाव्या शतकाच्या मध्यावर तो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेला, आणि दख्खनमध्ये येऊन वजीर झाला. त्याने वसवलेल्या खडकीला पुढे औरंगाबाद म्हणू लागले. १६२६ साली तो वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभाराखाली होते, आणि त्या निजामाच्या हैदराबादेत आफ्रिकन घोडदळाची तुकडी होती, तिच्या नावाचा मोहल्ला आजही आहे. तेथल्या सिद्द्यांनी वाजवलेला मरफा हैदराबादच्या लग्नांतून अजून ऐकू येतो. म्हणजे आफ्रिकेचा ठेका आपल्या दारावरून कितीदा तरी गेला आहे. आपण तो आपल्या वहीत कधी टिपून ठेवला नाही, इतकेच.

गुजरातचे सिद्दी आपल्या नाचगाण्याला 'गोमा' असेही म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली भाषेतला 'ङोमा' तो हाच. या शब्दाची गंमत अशी, की त्याचा अर्थ ढोल असाही होतो, नाच असाही होतो, आणि ज्या प्रसंगी ढोल व नाच दोन्ही होतात तो प्रसंग असाही होतो. तीन गोष्टींना तीन शब्द हवेत असे त्या लोकांना वाटलेच नाही. माझ्या मते छायाचित्र शिकणाऱ्याने हा एक शब्द पाठ करावा. कारण ढोल वाजवणाऱ्यावर कॅमेरा रोखून आपण संगीताचा फोटो काढला असे जो समजतो, तो ङोमाचा तिसरा हिस्साच घेऊन घरी येतो.

'आफ्रिकन संगीत' या शब्दप्रयोगाबद्दलही एक तक्रार करून ठेवतो. त्या खंडात चोपन्न देश आहेत. सिद्द्यांचे पूर्वज आले ते पूर्वेकडून. मी ज्या बामाकोकडे निघालो आहे ते पश्चिमेला. मधे हजारो मैलांचा मुलूख. आमची लेंगी आणि जपानचे कोतो एका पेटीत घालून वर 'आशियाई संगीत' अशी चिठ्ठी लावावी, तसा तो प्रकार आहे. तरीही त्या खंडाच्या फार मोठ्या भागात काही गोष्टी पुन्हापुन्हा भेटतात, आणि त्यांतली एक आता ताटावर करून पाहायची आहे.

सहापर्यंत सारख्या लयीत मोजा. उजव्या हाताने एक आणि चार या आकड्यांवर टेबलावर थाप द्या. आपल्या दादऱ्याचे हे दोन भाग झाले. आता तेच मोजत असताना डाव्या हाताने एक, तीन आणि पाच यांवर ताटाची कड वाजवा. दोन्ही हात 'एक'वर भेटतात आणि लगेच फुटून आपापल्या वाटेने जातात. पहिल्या प्रयत्नात हात अडखळतात. घरातली लहान मुले हे मोठ्यांच्या आधी शिकतात, असा माझा अनुभव आहे. एकदा का ते जमले, की एक चमत्कार होतो. लक्ष उजव्या हाताकडे दिले तर चाल संथ वाटते, डाव्याकडे दिले तर तीच चाल चपळ होते. वाजवण्यात काडीचाही फरक न करता! घाना आणि टोगोकडचे एवे लोक यावर लोखंडी घंटेचा एक बोल चढवतात. बारा मात्रांत सात आघात, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. तो अखंड चालू राहतो आणि बाकीचे ढोल त्याच्या आधाराने बोलतात. आपल्याकडे समेवर सगळे एकत्र येतात आणि श्रोता मान डोलावतो. तेथे प्रत्येक वादकाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून असू शकते, आणि या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारी मूळ चाल पुष्कळदा कोणीच वाजवत नसते. ती नाचणाऱ्यांच्या पावलांत असते. पाय हे तेथे वाद्य आहे.

हे एकदा ध्यानात आले, की मालिक सिदिबे या माणसाचे मोठेपण कळते.

सिदिबे बामाकोचा. १९६० साली माली स्वतंत्र झाला आणि त्याच सुमाराला त्याने आपला लहानसा स्टुडिओ थाटला. शहरातल्या तरुण पोरांनी तेव्हा मंडळे काढली होती, शनिवारी रात्री ती जमत, तबकड्या लावत आणि नाचत. ट्विस्ट आले होते, क्युबाची गाणी आली होती. ही क्युबाची गाणी म्हणजे एक गमतीचा प्रवास आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांनी ती घडवली, तबकडीवर चढून ती परत आफ्रिकेत आली, आणि येथल्या मुलांना ती आपलीच वाटली. सिदिबे एका रात्रीत तीन-तीन, चार-चार ठिकाणी जाई, हातात लहान कॅमेरा आणि वर दिवा. पहाटे स्टुडिओत येऊन फिल्म धुई. छोटे ठसे काढून, क्रमांक घालून, रंगीत पुठ्ठ्यांवर चिकटवी आणि स्टुडिओबाहेर लावून ठेवी. मुले येत, आपला चेहरा शोधत, आणि ऐपतीप्रमाणे एखादी प्रत मागवत. २००७ साली व्हेनिसच्या प्रदर्शनाने त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला. हा मान मिळणारा तो पहिला छायाचित्रकार. पण चित्रे काढली होती ती व्हेनिससाठी नव्हेत, त्या पुठ्ठ्यासाठी.

त्याचे १९६३ सालचे एक चित्र जगभर माहीत झाले आहे. नाताळची रात्र, 'हॅपी क्लब'. उघड्यावर एक तरुण आणि एक मुलगी नाचत आहेत. ती भाऊ-बहीण होती असे सांगतात. त्याच्या अंगात फिकट सूट, तिच्या पायांत काहीच नाही. दोघांची डोकी एकमेकांकडे झुकून जवळजवळ टेकली आहेत आणि दोघेही खाली, पावलांकडे पाहत आहेत. बस्स. वाद्य नाही, वादक नाही, तबकडीसुद्धा दिसत नाही. हवेत तर कोणीच नाही. आणि तरीही या चित्राइतके स्पष्ट वाजणारे चित्र मी दुसरे पाहिलेले नाही. त्यांच्या खाली गेलेल्या नजरा पाहणाऱ्याला पावलांकडे नेतात, आणि पावलांपाशी गेल्यावर पुढचे पाऊल कोठे पडणार याची आपण वाट पाहू लागतो. वाट पाहणे म्हणजेच लय. उडी मारलेल्या माणसाबद्दल अशी वाट पाहावी लागत नाही. तो खाली पडणार, हे सर्वांना माहीत असते.

या चित्रात छायाचित्रविद्येच्या प्राथमिक पुस्तकातले सगळे धडे सापडतात. सिदिबे जवळ उभा आहे. मागची बसलेली माणसे अंधारात मागे राहिली आहेत, त्यामुळे दोन देह सुटे दिसतात. आणि सर्वांत मोठे म्हणजे त्याने ती चाल ऐकली आहे. तीन-चार आवर्तने ऐकल्यावर कोणत्या ठिकाणी दोन्ही माना झुकतात हे कानाला कळते, आणि बोट त्याच्या किंचित आधी दाबावे लागते. डोळ्याला दिसल्यावर दाबले तर उशीर झालेला असतो. तबलजी समेच्या आधी जसा हात उचलतो, तसेच हे आहे.

मुलांना मी हेच सांगितले, की पहिला अर्धा तास कॅमेरा खिशात ठेवा. लेंगीची ओळ कोठे संपते, थाळीवाला कधी ठेका दुपटीने धरतो, रिंगण कोणत्या शब्दावर आत येते, हे आधी अंगात उतरू द्या. त्यानंतर कालमानाचा विचार. सेकंदाच्या हजाराव्या भागात काढले तर टिपरी हवेत खिळ्यासारखी ठोकलेली दिसते. ती खाली येते आहे की वर जाते आहे हेही कळत नाही. तेच पंधराव्या भागात, कॅमेरा कशावर तरी घट्ट टेकवून काढले, तर नंगाऱ्याची कड आणि वाजवणाऱ्याचा चेहरा स्थिर राहतो, हात मात्र धुरासारखा होतो. त्या धुरात आघात असतो. हल्लीचे मोबाइल रात्री आपल्या मनाने चार-सहा चित्रे घेऊन त्यांचे एक करतात आणि हलणारे सारे काही पुसून टाकू पाहतात. यंत्राच्या मते हात हलला ही चूक असते! ज्या मोबाइलमध्ये कालमान आपल्या हाताने ठरवता येते, त्यात ते ठरवावे.

वाद्याची अंगरचनाही ठाऊक असावी लागते. पश्चिम आफ्रिकेतला कोरा घ्या. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे ताणलेले, त्यातून उभा दांडा, आणि एकवीस तारा. पण तारा असतात वाजवणाऱ्याच्या बाजूला. समोरून फोटो काढणाऱ्याच्या पदरी पडते ती भोपळ्याची पाठ. वादकाचे अंगठे आणि तर्जन्या काय कारागिरी करीत आहेत हे पाहायचे तर त्याच्या खांद्यामागे जावे लागते. म्हणजे त्याने तुम्हाला तेवढे जवळ येऊ दिले पाहिजे. सिद्द्यांचे मलुंगा हे धनुष्यासारखे वाद्य याहून अवघड. भोपळा बांधलेली कमान, एकच तार, आणि ती छेडायला बारीक काठी. पांढऱ्या आकाशासमोर धरले तर तार गायब होते आणि चित्रात एक माणूस वाकडी काठी घेऊन उभा राहतो. प्रकाश बाजूने आणि पाठीमागे गडद भिंत, तेव्हाच ती तार चांदीच्या केसासारखी उठते. आपल्या तुणतुण्याला हाच नियम लागू आहे. मलुंगा वाजवणारे आता फार थोडे उरले आहेत. त्यांतल्या कोणाचे चित्र तारेविना निघाले तर ते नुकसान भरून येण्यासारखे नाही. नझीर जैराझभॉय आणि एमी कॅटलिन या दांपत्याने सिद्दी संगीतावर २००३ साली चित्रपट केला, त्यामुळे पुष्कळ काही वाचले आहे. पण चित्रपट असला म्हणून चांगल्या स्थिर चित्राची गरज संपत नाही.

कोऱ्याचा विषय निघालाच आहे तर त्याच्या घराण्यांबद्दलही दोन शब्द. माली आणि शेजारच्या मुलखात जेली नावाचे लोक आहेत. राजांच्या, घराण्यांच्या वंशावळी पाठ करणे आणि गाणे हा त्यांचा पिढीजात धर्म. तुमानी जाबाते हा कोऱ्याचा थोर वादक २०२४ साली गेला. तो आपल्या घराण्याच्या एकाहत्तर पिढ्या सांगत असे. हे वाचून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणालाही आश्चर्य वाटू नये. गोंडांच्या कुळकथा पिढ्यान्‌पिढ्या गाणारे परधान आमच्यात आहेत, आदिलाबादकडे त्यांची किकरी घोड्याच्या केसांच्या गजाने वाजते. बंजाऱ्यांचे भाट आणि ढाडी आहेत. जाबातेच्या मैफलीची तिकिटे युरोपात खपत होती. आपल्या परधानाला लग्नाच्या मांडवात पंख्याखालची जागा मिळाली तरी पुष्कळ.

आता ज्या चित्रावरून माझा आणि त्या मुलांचा वाद झाला त्याकडे येतो.

चाळिसांत एक चित्र खरोखर चांगले होते. तांड्यावरची एक मुलगी, वय असेल सतरा-अठरा, रिंगणाच्या कडेला उभी. काचळीवरच्या भिंगांत शेकोटी चमकते आहे. ओठ मिटलेले, मान एका बाजूला, आणि दोन्ही हात टाळीसाठी अर्धवट उघडलेले. ती आपली ओळ येण्याची वाट पाहते आहे. उडी नाही, हसू नाही. मी ते बाजूला काढले आणि मग लक्षात आले, की काहीतरी चुकते आहे. हात सावळे होते आणि चेहरा दुधाळ. गळ्यापाशी दोन रंगांची सीमारेषा दिसत होती. चेहरा संगणकावर उजळला होता.

हे काम आजचे नाही. काचेच्या पट्टीच्या काळापासून आमचे स्टुडिओवाले टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर चेहरे गोरे करीत आले आहेत. आणि दोष एकट्या त्यांचा कसा म्हणावा? रंगीत फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीने आपल्या रंगांचे प्रमाण गोऱ्या स्त्रीच्या चित्रावरून ठरवले होते. त्या चित्रांच्या कार्डांना 'शर्ली' असे नाव पडले होते. काळ्या माणसाचा चेहरा त्या फिल्मवर डोळे आणि दात तेवढे दाखवून बाकीचा काळोखात बुडे. पुढे सुधारणा झाली ती लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांच्या तक्रारींमुळे, असे त्या कंपनीतल्या जुन्या माणसांनीच सांगितल्याची नोंद आहे. चॉकलेटच्या छटा दिसेनात म्हणून ओरड झाली. माणसांच्या छटांसाठी तेवढी झाली नाही. गोदार या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये काम करताना ही फिल्म वापरायलाच नकार दिला होता.

यंत्राचा स्वभाव आजही पूर्ण बदललेला नाही. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक समोरचे सगळे जग करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. चौकटीत पांढरा सदरा किंवा पांढरी भिंत जास्त असली की ते प्रकाश कमी करते आणि सावळा चेहरा कोळसा होतो. चौकटभर सावळा चेहराच असला की ते प्रकाश वाढवते आणि त्वचेची सारी लकाकी फिकट पिठासारखी करून टाकते. उपाय साधा आहे. माप चेहऱ्याचे घ्यावे, भिंतीचे नव्हे. चेहऱ्यावर प्रकाश बाजूने, शक्य तर एखाद्या पांढऱ्या कापडावरून परतवून घ्यावा. आणि सावळी त्वचा प्रकाश परावर्तित करते, तो झगमगाट कपाळावर, गालाच्या हाडावर, खांद्यावर पकडावा. सिदिबेची काळी माणसे काळीच आहेत आणि चमकतात. हे काम दिव्याचे आहे, पेन्सिलीचे नव्हे.

हे सगळे मी त्या मुलाला ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "पोरीच्या घरच्यायनंच सांगतलं काकाजी, जरा उजळ करून द्या मनून. स्थळं पाहून राह्यले."

मी गप्प झालो, कारण त्याने माझेच शस्त्र माझ्यावर उगारले होते. सिदिबेची चित्रे त्याच्या गिऱ्हाइकांसाठी होती म्हणून मी त्याची वाखाणणी करतो. सेदू केइता या त्याच्या आधीच्या बामाकोकराची तर त्याहून जास्त. केइताने १९४८ साली स्टुडिओ उघडला, पडदा म्हणून स्वतःच्या पलंगावरची चादर टांगली, आणि येणाऱ्याला ज्या रूपात दिसायचे असेल त्या रूपात दिसायला मदत केली. घड्याळ नाही? हे घ्या. रेडिओ हवा? मांडीवर ठेवा. स्कूटर, फाउंटन पेन, युरोपियन कोट, सगळे स्टुडिओत तयार. खोटेच होते ते. मग घड्याळ खोटे चालते आणि रंग खोटा चालत नाही, हे कोणत्या न्यायाने?

मला सुचलेले उत्तर असे. केइताच्या चित्रातला रेडिओ हातात घेतलेला आहे. पाहणाऱ्यालाही कळते, की हा माणूस आज नटला आहे, आणि ज्याला नटायचे आहे तो चेहरा शाबूत आहे. मी पाहिलेल्या त्याच्या चित्रांत त्वचेचा रंग पुसलेला मला दिसला नाही. येथे त्या मुलीला काहीच देऊ केलेले नाही. तिच्याजवळचे काढून घेतले आहे. हे उत्तर मला स्वतःला पुरते, पण स्थळे पाहणाऱ्या बापाला ते पुरेल असे मी म्हणू शकत नाही. मी एवढेच सांगितले, की घरच्यांना हवी ती प्रत खुशाल द्यावी, पण मूळ चित्र तसेच जपावे, आणि निवडीसाठी मूळच पाठवावे. त्याने दुसऱ्या दिवशी मूळ आणले. शेकोटीचा तांबूस उजेड त्या गालावर असा काही पडला होता, की उजळलेली प्रत कोणी का करावी याचे नवल वाटावे.

आपल्या देशातही या वाटेने गेलेले लोक आहेत. केतकी शेठ या मुंबईच्या छायाचित्रकार बाईंनी सिद्द्यांमध्ये वर्षानुवर्षे जाऊन काळ्यापांढऱ्यात चित्रे काढली. 'अ सर्टन ग्रेस' हे त्यांचे पुस्तक २०१३ साली निघाले. त्यांत नारळ फोडण्याची जत्रा नाही. माणसे आहेत, अंगणे आहेत, मुले आहेत, आणि ती कॅमेऱ्याकडे बरोबरीच्या नात्याने पाहतात. या पुस्तकाबद्दल माझ्या मनात आदर आहे. तक्रार असलीच तर एक, की दृष्टी इतकी संयत आहे, की नाद जरा दुरून येतो. गोमाची रात्र पुस्तकाच्या भिंतीपलीकडे कोठेतरी चालू आहे असे वाटत राहते. संदेश भंडारे यांचे 'तमाशा : एक रांगडी गंमत' हे मराठी पुस्तक २००६ सालचे. त्यात ढोलकी कानाशी येते, कारण हा माणूस फडाबरोबर हिंडला आहे. रंगमंचावरच्या नाचाइतकेच मागच्या राहुटीतले जगणेही त्याला दिसते. दोन पुस्तकांत मला निवड करायला लावली तर मी भंडाऱ्यांचे उचलीन. त्यात घामाचा वास आहे. पण हा माझ्या आवडीचा भाग झाला.

शेवटची गोष्ट नावांची. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिकी कलेचे एक मोठे प्रदर्शन झाले. त्यात केइताची चित्रे होती आणि त्यांखाली छायाचित्रकार अज्ञात, बामाको, अशा अर्थाची चिठ्ठी होती. केइता तेव्हा बामाकोत हयात होता, चांगला सत्तरीचा! एका फ्रेंच जाणत्याने तेथे जाऊन त्याला शोधून काढले आणि १९९४ साली पॅरिसमध्ये त्याच्या स्वतःच्या नावाने प्रदर्शन भरले. आमच्या चाळीस चित्रांखाली तरी काय होते? छायाचित्रकारांची नावे ठळक होती. चित्रांतल्या माणसांच्या जागी 'लोककलाकार', 'बंजारा वृद्ध', 'आफ्रिकन नृत्य' अशी लेबले होती. त्यांपैकी 'आफ्रिकन नृत्य' करणारे चार जण गुजरातचे रहिवासी होते आणि घरी गुजराती बोलत होते, हे कार्यक्रमात त्यांच्याशी बोललेल्या मुलालाच माहीत होते. नंगारा वाजवणाऱ्याचे नाव कोणालाच माहीत नव्हते, आणि त्याने तर सबंध रात्र वाजवले होते.

निवड मी पुढे ढकलली. मुले नावे विचारायला पुन्हा तांड्यावर गेली आणि जाताना सर्व चित्रांच्या छोट्या प्रती पुठ्ठ्यावर चिकटवून, क्रमांक घालून बरोबर घेऊन गेली. नायकांच्या ओट्यावर तो पुठ्ठा दिवसभर होता. परत येताना त्यांच्याकडे एकोणीस प्रतींची मागणी होती. उड्यांच्या चित्रांना दोनच गिऱ्हाइके मिळाली. सर्वांत जास्त मागणी आली ती एका चित्राला, जे मी पाहून न पाहिल्यासारखे केले होते. थोडे हललेले, कोपऱ्यात कोणाची तरी पाठ आलेली, आणि मधे नंगाऱ्यावर ओणवा झालेला तो म्हातारा, डोळे मिटून. त्याच्या चार मुलांनी चार प्रती मागितल्या होत्या. नाव आता त्या चित्राखाली लिहिले आहे.